रामबाईचं भरलं घर

आष्टीच्या बाजारातून मी एकदा पिशवीभर लाल मिरच्या घेतल्या आणि एसटीत सीटखाली ठेवल्या. खड्ड्यात गाडी आदळली, पिशवीचं तोंड सुटलं. आधी कंडक्टर शिंकला, मग ड्रायव्हर, मग बेचाळीस प्रवासी एकदम. त्या शिंकेच्या जोरानं गाडी अशी उडाली की मधल्या तीन थांब्यांवर चाक टेकलंच नाही. आर्वीच्या डेपोत ती वीस मिनिटं आधी पोचली. डेपोतल्या बाबूनं घड्याळ बिघडलं समजून ते दुरुस्तीला पाठवलं.

ही गोष्ट मी कित्येक वर्षं सांगत आलोय. दर वर्षी गाडीत एक प्रवासी वाढतो. लोक म्हणतात, नत्थूजीच्या बोलण्यातून खोटं वेगळं काढलं तर मागं नुसता खोकला उरतो. म्हणोत. पण आता सांगतोय ती गोष्ट मी फार थोड्यांना सांगितली, आणि त्यांतल्या एकानंही ती खरी धरली नाही.

आर्वीला 'आसरा' नावाचं बालगृह होतं. बाप मेलेली, आई आजारी असलेली, घरातून पळालेली, घराला नकोशी झालेली पोरं तिथं यायची. पत्र्याच्या दोन लांब खोल्या, पुढं व्हरांडा, अंगणात एक चिंच. मी तिथला शिपाई. फाटक उघडायचं, चहा न्यायचा, साहेबांची बॅग उचलायची. एक काम मात्र नेमणुकीच्या कागदावर नव्हतं. नवीन पोर आलं की त्याचं रडणं थांबेपर्यंत ते माझ्या ताब्यात.

जिजा आली ती शहात्तर सालच्या तान्ह्या पोळ्याला. गावातली पोरं लाकडाचे बैल ओढत रस्त्यानं चालली होती आणि ही पाच वर्षांची पोर आईचं बोट धरून फाटकात उभी. आष्टीच्या पुढं टेकडीखाली मोहदरी म्हणून वीस घरांची गोंडांची वस्ती आहे, तिथली. बाप जंगू उईके मोहळ काढताना कड्यावरून पडला. आई रामबाई, तिला आधी तापानं धरलं आणि मग उपासानं. तिनं पोरीचं बोट सोडवून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "मी पायावर उभी राह्यली का नेतो."

जिजा रडली नाही. न रडणारं पोर मला रडणाऱ्यापेक्षा जड जातं. मी तिला मिरच्यांची गोष्ट सांगितली. तिनं ती कोर्टातल्या साहेबासारखी ऐकून घेतली आणि विचारलं, "मंग मिरच्यायचं काय झालं?"

इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "त्या अजून गाडीतच हायेत."

"कोन्त्या गाडीत?"

"ते कोनालेच मालूम नाई. कोन्तीबी असू शकते."

त्या दिवसापासून रस्त्यानं एसटी गेली की जिजा फाटकाशी उभी राहून खोटं खोटं शिंकायची. रामबाई महिन्याच्या पहिल्या रविवारी भेटायला यायची, त्या आष्टीच्या गाडीला ही दोनदा शिंकायची. रामबाई ओच्यात उन्हाळ्यात तेंदूची फळं, टेंभरं आणायची, हिवाळ्यात बोरं. चिंचेखाली बसून माय-लेकी ती खायच्या आणि बिया मोजून सारख्या वाटून घ्यायच्या. निघताना रामबाई मला विचारायची, "भाऊ, कवा नेऊ?"

मी म्हणायचो, "घरभेट झाली का."

घरभेट म्हणजे संस्थेचा माणूस घरी जाऊन पाहायचा, कागद लिहायचा, त्या कागदावर कमिटी बसायची, मगच पोर घरी. आमच्या अधीक्षक शकुंतलाबाई नियमाच्या पक्क्या होत्या. खादीचं पातळ, जाड चष्मा, आणि पोरांच्या ताटात कमी पडलं तर स्वतः न जेवणारी बाई. त्यांच्याबद्दल मी खोटंसुद्धा वाईट बोलणार नाही.

अठ्ठ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर जिजाची घरभेट ठरली. जाणार होते प्रभाकरराव, चौकशी लिहिणारे. सायकल चालवताना पँटला चिमटा लावायचे आणि खुर्चीत बसल्यावरही काढायचे नाहीत. त्यांनी कागद ठेवायला माझ्याकडे दिला. मी चौथीपर्यंत शिकलेला. वाचला. घराच्या भिंती. खाटा. भांडी. जनावरे. घरातील धान्य. प्रत्येकापुढं एक रिकामी चौकट. चौथीत मला एवढं समजलं होतं की चौकटी भरल्या तर पास, कोऱ्या राहिल्या तर नापास.

मला वाटलं, ही परीक्षा आहे.

मी कोणाला विचारलं नाही. विचारायचा माझा स्वभावच नाही, मी सांगणारा माणूस. त्याच महिन्यात कमिटीची मोठी बैठक झाली होती, तिच्यात मी स्वतः चहा नेऊन दिला होता. पण कान माझे व्हरांड्यात. तिथं जीपच्या ड्रायव्हरला मी मिरच्यांची गोष्ट सांगत होतो. आत काय ठरलं ते मी ऐकलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मी दोन दिवस रजा टाकली आणि मोहदरीला गेलो. रामबाईचं घर म्हणजे बांबूच्या तट्ट्याच्या भिंती, एक चूल, दोन जर्मनची भांडी आणि शिंदीची चटई. त्या घरात येणारा उंदीर आपला शिधा बांधून आणत असे.

वस्तीचा म्हातारा तानबा, जंगूचा चुलता, त्याला मी कागदातल्या चौकटी समजावून सांगितल्या. तो म्हणाला, "म्हंजे घर भरलेलं दिसलं का पोट्टी येते?"

"येते."

"मंग भरू की. त्यात काय हाये."

त्या दुपारी वस्तीनं जे केलं ते एखाद्या लग्नातही होत नाही. तानबानं आपली खाट दिली. शेजारच्या आनंदाबाईनं आपल्या दोन बकऱ्या आणून बांधल्या. खालच्या गावच्या रूपराव शेतकऱ्याकडं बाया कामाला जात, त्यांनी त्याच्या घरून पाणी भरायचा पितळेचा गुंड आणला, आणि मागितली नसताना त्यानं वर छत्री दिली. कोणी वाकळ, कोणी कंदील, कोणी कपबश्या. बायांनी तट्ट्यावर माती लिंपली. दोन पोत्यांत खाली कोंडा भरला आणि वर चार बोटं ज्वारी पसरली. ती युक्ती माझी. मग मी रामबाईला समोर बसवलं आणि पढवलं.

"हे कोनाचं?"

"माह्यं."

"कवापासून?"

"पयलेपासून."

"कमी हाये, नव्हतं, असं चुकूनबी म्हनू नको. कवाच नाई. काई विचारलं तरी, काई कमी नाई जी."

"आन तुमीच विचारलं तर, भाऊ?"

"मी विचारलं तरी. साहेब हुशार हाये, तो माह्या तोंडून विचारवीन. मी तुह्या पाया पडून म्हटलं का रामबाई, खरं सांग, तरी हेच सांगजो."

तीनदा सराव केला. तिसऱ्या वेळी मी खरोखरच तिच्या पाया पडलो आणि रडवेल्या आवाजात म्हणालो, "रामबाई, खरं सांग." ती पदर तोंडात धरून हसली. बाहेर बसलेल्या बायाही हसल्या. जंगू गेल्यापासून वस्तीनं तिला हसताना पाहिलं नव्हतं, हे मला तानबानं नंतर सांगितलं.

प्रभाकरराव आले. आष्टीपर्यंत एसटी आणि पुढं पायी, त्यामुळं खाट दिसताच ते तिच्यावर बसले. पोत्यांकडं पाहिलं, गुंडाला टिचकी मारली, छत्री उघडून मिटली. एक बकरी दावं सोडवून घरी निघाली, तर आनंदाबाईनं तिला हुसकून परत आणली आणि म्हणाली, "रामबाई, तुही बकरी माह्या घरात शिरते पाह्य. बांधत जा बापा." अशी बाई मुंबईच्या नाटकात पाहिजे होती.

"सगळं आहे की तुमच्याकडे," प्रभाकरराव म्हणाले.

"काई कमी नाई जी."

"कधीपासून?"

"पयलेपासून."

प्रभाकररावांनी पेन थांबवलं. "मग दोन वर्षं पोरीला तिथं काऊन ठेवलं?"

हा प्रश्न आमच्या सरावात नव्हता. रामबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. मग तिला येत होतं तेच ती बोलली.

"काई कमी नाई जी."

प्रभाकरराव बराच वेळ लिहीत राहिले. मग रामबाईचा अंगठा घेतला. परत येताना मी त्यांची बॅग नाचवतच आणली.

आठ दिवसांनी शकुंतलाबाईंनी मला आत बोलावलं. समोर तो कागद होता.

"नत्थूजी, तुम्ही बरोबर होता ना? ऐका." त्यांनी वाचलं, "घरी सुबत्ता आहे. पहिल्यापासून होती असे माता स्वतः सांगते. असे असूनही अपत्याचा भार टाळण्याच्या हेतूने मुलीस दोन वर्षे संस्थेत ठेवले. कारण विचारता उत्तर नाही. मुलीस घरी पाठवणे हिताचे नाही." त्यांनी चष्मा काढला. "मला ती बाई अशी वाटली नव्हती. कमिटीनं यंदा ठरवलं होतं, ज्या घरी खरोखर काही नाही तिथं दर महिन्याला ज्वारी-डाळ पोचवायची, एक बकरी द्यायची आणि मूल आईपाशीच ठेवायचं. पहिलं नाव मी जिजाचं घातलं होतं. ह्या चौकटींत शून्य असतं तर होळीला ती घरी असती."

माझ्या हातात चहाचा ट्रे होता. तो मी खाली ठेवला.

"बाई, ते सगळं उसनं होतं."

"काय उसनं होतं?"

"खाट, बकऱ्या, गुंड, छत्री. पोत्यात कोंडा होता. मीच भरवलं ते घर."

त्या हसल्या नाहीत, पण डोळ्यांत थोडं हसू आलंच. "परवा तुम्ही मुलांना सांगत होता की अंगणातली चिंच तुम्ही लहानपणी खिशात घालून आणली."

"ते खोटं होतं, बाई. हे खरं हाये."

"मी कशी ओळखू?"

पण बाई न्यायाची. त्या उठल्या. "मी स्वतः पाहते. आत्ताच. कोणाला निरोप द्यायचा नाही." त्यांनी कमिटीच्या जीपमध्ये ज्वारीचं एक पोतं आणि डाळीची पिशवी टाकायला लावली. म्हणाल्या, "तुमचं खरं निघालं तर हे तिथंच उतरवू, आणि मुलगी उद्या पाठवू."

जिजा फाटकाशी उभी होती. "आबाजी, कुठी चाल्ले?"

"तुह्या घरी."

"मी येऊ?"

"उद्या."

तिनं जीपकडं नीट पाहिलं. "हिच्यात मिरच्या असतीन का?" आणि उत्तराची वाट न पाहता शिंकली.

मोहदरीची वाट टेकडीला वळसा घालून नाल्यातून जाते. टेकडीवर तानबा ढोरं चारत होता. त्याला जीपची धूळ दिसली आणि तो ढोरं सोडून खाली पळाला. ते मी पाहिलं. मी ड्रायव्हरला म्हणालो, जोरात हाक. पण नाल्यात चाक रुतलं, ढकलावं लागलं. शेवटच्या वळणावर आलो तर वस्तीच्या मधल्या बोळातून एक खाट दोन पायांवर पळत होती. खाली तानबा असणार. वरून नुसती खाट आणि तिचे चार खूर आभाळाकडं.

"बाई, ती पाहा. ती पाहा खाट."

त्या पदरानं चष्म्यावरची धूळ पुसत होत्या. चष्मा लावून त्यांनी पाहिलं तेव्हा बोळ रिकामा होता.

"काय झालं खाटेला?"

"पळत होती."

"नत्थूजी," त्या म्हणाल्या, "निदान आज तरी."

घर भरलं होतं. लिंपलेल्या भिंती, खाट, गुंड, कंदील, दोन बकऱ्या. सगळी वस्ती दारात जमलेली, धापा टाकत, चेहऱ्यावर काही न दाखवता. मी पोत्याकडं धावलो. "बाई, हात घाला. चार बोटं ज्वारी, खाली कोंडा."

शकुंतलाबाईंनी बाही सारून कोपरापर्यंत हात घातला. मुठीत ज्वारी आली. पोतं कलतं करून तळातून काढली, तरी ज्वारीच. तानबानं मला मागाहून सांगितलं. आठ दिवस झाले तरी पोरगी आली नाही, तेव्हा वस्तीला वाटलं, साहेबाला कोंड्याचा वास लागला असणार. मग घराघरातून सूप-सूप ज्वारी गोळा करून त्यांनी दोन्ही पोती खरी भरली. वीस घरांनी आपली चूल अर्धी केली होती.

मी रामबाईसमोर उभा राहिलो. "रामबाई, खरं सांग. हे कोनाचं हाये?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या ओठाचा कोपरा हलला.

"माह्यंच जी."

"तसं नाई. आता खरंच सांग. मी सांगून राह्यलो ना, उसनं हाये म्हन."

"काई कमी नाई जी. पयलेपासून."

मी खाली वाकलो आणि तिच्या पाया पडलो. ह्या खेपेला मला खरोखर रडू येत होतं, आणि सरावात काढलेला आवाज नेमका तसाच होता. रामबाईनं पदर तोंडात धरला, पण हसू तिला आवरलं नाही. दारातल्या बायांना तर मुळीच आवरलं नाही. परीक्षेचा सगळ्यात अवघड प्रश्न आला होता आणि त्यांची रामबाई त्यात पास झाली होती.

शकुंतलाबाई हसणाऱ्या आईकडं पाहत राहिल्या. मग हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मुलगी आठवते का तुम्हाला?"

रामबाईचं हसू थांबलं. "रोज जी."

"मग नेली का नाहीत?"

तिनं पुन्हा माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीवरच होतो. तिला वाटलं, हीही परीक्षाच.

"काई कमी नाई जी," ती म्हणाली.

जीपमधलं पोतं तसंच परत आलं.

दुसऱ्या दिवशी मी न सांगता कामावर खाडा केला आणि मोहदरी गाठली. सगळं उलगडून सांगितलं. कोणी मला शिवी दिली नाही. रामबाई चुलीपुढं बसली होती, ती तशीच बसून राहिली. मग तानबा उठला आणि खाट डोक्यावर घेऊन चालू लागला. ती त्याची आहे हे दाखवायला त्यानं ती आष्टीपर्यंत पायी नेली आणि पुढं एसटीच्या टपावर टाकून आर्वीला आणली. मागं आनंदाबाई, दोन बकऱ्या, रूपरावाचा गुंड घेतलेली एक बाई, आणि रामबाई. 'आसरा'च्या अंगणात त्यांनी सगळं मांडलं.

"बाई, हे माह्यं नाई," रामबाई म्हणाली. "माह्यं काईच नाई. मी खोटी बोलली."

शकुंतलाबाई व्हरांड्यात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग खाटेकडं, मग बकऱ्यांकडं. ज्याच्या घरी काही नाही त्याला धान्य मिळतं हे मीच जाऊन सांगितलं, एवढं त्यांनी लगेच ओळखलं.

"परवा सगळं तुमचं होतं," त्या म्हणाल्या. "धान्याचं कळलं आणि आज काहीच तुमचं नाही. मी कोणत्या दिवसावर विश्वास ठेवू?"

त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. त्यांनी हात घातला तेव्हा तळापर्यंत ज्वारीच होती.

जिजाला पुण्याकडच्या मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली होती, ज्यांना घरी नेणारं कोणी नाही अशा मुलींसाठीची. तिथं शाळा चांगली, असं सगळे म्हणाले. निघताना तिला नवा फ्रॉक होता. रामबाईला आदल्या रविवारी भेटू दिलं होतं, बोरांचा शेवटचा बहर होता. डेपोत गाडीच्या खिडकीतून जिजानं मला विचारलं, "माय कवा येनार हाये तिथी?"

"घर भरलं का," मी म्हणालो. का म्हणालो ते मला माहीत नाही. तोंडाला सवय.

गाडी हलली. खिडकीतून जिजा मोठ्यानं शिंकली, मला हसवायला. एकदा, आणि मग पुन्हा.

माझ्या त्या बोलण्याचं पुढं काय झालं ते ऐका. ते रामबाईच्याही कानावर गेलं. तिनं ते धरून ठेवलं. मला एकदा बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "भाऊ, मी बाईपाशी खोटी बोलली. ते खरं करतो. मंग तर पाठवतीन ना?" त्या कागदातली यादी तिला पाठ होती. रानातून डिंक आणायची, तेंदूची पानं तोडायची, रूपरावाच्या वावरात कापूस वेचायची. पहिल्या दोन वर्षांत तट्ट्याच्या मातीच्या भिंती झाल्या. मग एक बकरी, तिची दुसरी. खाट सुताराकडून करून घेतली, तानबाच्या खाटेच्या मापाची. गुंड आला तेव्हा ती तो डोक्यावर घेऊन आष्टीहून चालत गेली, रिकामा, कारण तो मिरवायचा होता. शेवटी छत्रीसुद्धा घेतली. पावसात ती कधी उघडली नाही. खुंटीला टांगून ठेवली.

दरम्यान शकुंतलाबाईंची बदली झाली, प्रभाकरराव निवृत्त झाले, 'आसरा'ला नवीन माणसं आली. रामबाई अंगठा देऊन अर्ज करायची, की घर पाहायला या. कोणी आलं नाही.

सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत मी फाटकावर बसलो होतो. तोवर माझंही नोकरीचं शेवटचं वर्ष आलं होतं. एक मुलगी आली. सोळा वर्षांची, दोन वेण्या, खांद्याला पिशवी. मला तिनं ओळखलं, मी तिला ओळखलं नाही. तिनं मोहदरीची वाट विचारली तेव्हा ओळखलं. दहावीचा फॉर्म भरताना वसतिगृहात तिची फाईल तिच्या हाती पडली होती. प्रभाकररावांच्या त्या कागदाची नक्कल तिनं स्वतःच्या अक्षरात उतरवून आणली होती.

मी तिच्याबरोबर गेलो. वाटेत सगळं सांगितलं. खाट, बकऱ्या, कोंडा, खरी ज्वारी, नाला. ती ऐकत चालली होती, लहानपणी ऐकायची तशीच, मध्ये न बोलता.

रामबाई अंगणात होती. मुलगी दारात थांबली आणि म्हणाली, "तुम्ही रामबाई उईके ना?"

रामबाईच्या हातातलं सूप खाली गेलं. ती पुढं आली, पण लेकीला हात लावायचं तिला धाडस झालं नाही. "ये. बस," एवढंच म्हणाली आणि आत जाऊन खाटेवर नवी वाकळ अंथरू लागली.

जिजा बसली नाही. तिनं पिशवीतून कागद काढला आणि उभ्या उभ्या घर पाहिलं. भिंती. खाट. गुंड. कंदील. दोन पोती. बाहेर बकऱ्या. खुंटीवर छत्री. प्रत्येक ठिकाणी तिची नजर कागदावर जाऊन परत येत होती. रामबाई तिच्या नजरेबरोबर फिरत होती आणि तिच्या तोंडावर असा आनंद होता की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"हे सगळं तेव्हा होतं?" जिजानं विचारलं.

"नाई माय. तवा काईच नव्हतं. हे तर मी तुह्यासाठी..."

"मूळ कागदावर तुमचा अंगठा आहे. पहिल्यापासून होतं, असं लिहिलंय."

रामबाईनं माझ्याकडं पाहिलं, त्या दोन्ही वेळांसारखंच.

मी म्हणालो, "पोरी, माह्या गळ्याची आन. तवा हे उसनं होतं. आता तिचं हाये. मी हे डोयानं पाह्यलं."

जिजा माझ्याकडं वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"आबाजी," ती म्हणाली, "मिरच्या अजून गाडीतच आहेत का?"

तिनं चहा घेतला, उभ्यानंच. कपबशी विसळून जागेवर ठेवली. रामबाईच्या पाया पडली, परक्या बाईच्या पडावं तशी. रामबाईनं ओच्यात भरून दिलेली बोरं तिनं पिशवीत घेतली, हे मात्र मी पाहिलं. चारच्या गाडीनं ती गेली. आष्टीच्या थांब्यावर मी रस्त्याच्या कडेला उभा राहून गाडीला दोनदा शिंकलो, लोकांनी वळून पाहिलं इतक्या मोठ्यानं. खिडकीतली मान वळली नाही. गाडी बाजाराच्या वळणावरून दिसेनाशी झाली.

मी मोहदरीला परत गेलो, रामबाईला एकटं कसं सोडायचं म्हणून. उन्हं अजून होती. ती अंगणात बकऱ्यांची दावी सोडत होती. एक दावं तिनं आनंदाबाईच्या हातात दिलं होतं, दुसरं देत होती. आनंदाबाई म्हणत होती, "अवो, ह्या तुह्याच हायेत. मी काऊन घेऊ?"

"घे," रामबाई म्हणाली. गुंड तिनं आधीच दाराबाहेर आणून ठेवला होता, रूपरावाकडं पोचवायला. वर छत्री.

"रामबाई, हे काय करून राह्यली?"

ती आत गेली आणि खाटेच्या डोक्याकडची बाजू उचलली.

"पोट्टी शिकली हाये, भाऊ. रागाच्या भरात गेली. एखांद्या दिवशी तिच्या मनात येईन का अजून एकदा पाहून यावं." ती माझ्याकडं न पाहता बोलत होती. "तवा घर रिकामं दिसलं पाह्यजे. धर तिकडून."

मी खाटेचे दोन खूर धरले. तानबाचं घर बोळाच्या त्या टोकाला होतं.